वेलीला फुले भरपूर, फळ मात्र नाही: कुळागर (सुपारी-नारळाची मिश्र बाग) आणि परसासाठी परागीभवनाचे काम

दुधीला बोटभर फळ येते, चार दिवसांत पिवळे पडते आणि देठातून गळते. अशा वेळी बहुतेक जण आधी खताची पिशवी उघडतात. युरिया पडला की पाला वाढतो, नर फुले आणखी येतात आणि गळ तशीच चालू राहते. कमतरता खताची नसतेच. मादी फुलाला वेळेवर पराग मिळालेला नसतो.

जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके कमी-अधिक प्रमाणात कीटक, पक्षी किंवा वटवाघळांवर अवलंबून आहेत. उत्पादनाच्या वजनात मोजले तर हा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास येतो, कारण भात, गहू, मका ही पोटभरीची धान्ये वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच परागावर भागवतात. गोव्याच्या ताटातला भात कीटकांवाचून शिजेल. सोलकढी, तवशाची म्हणजे काकडीची तवसाळी, आंब्याचे सासव आणि काजू मात्र त्यांच्यावाचून ताटात यायचे नाहीत.

परागीभवन म्हटले की लोकांना मधपेटी आठवते आणि पेटीवर पैसे खर्च होतात. आमच्या मते पेटी हा सगळ्यात शेवटचा उपाय. गोव्यातल्या अनेक पिकांचे काम साध्या माश्या, भुंगे, बारीक किडे, निशाचर पतंग आणि भिंतीत राहणाऱ्या, डंख नसलेल्या पोया माश्या करतात. त्यांना पेटी लागत नाही. आपल्या जमिनीतल्या कोणत्या पिकाला कोण लागते, हे आधी नीट समजून घ्यावे.

कोणाला कोण लागते

ज्यांची चिंता करायची नाही, ती पिके आधी बाजूला काढू. केळीला परागीभवन लागतच नाही, फळ बियांवाचून भरते. अननसाचेही तेच. मिरीच्या घोसात पराग पावसाच्या थेंबांनी खाली ओघळतो, म्हणून फुलोऱ्याच्या वेळी सरी थांबल्या तर मिरी विरळ धरते, तिथे माशीचा संबंध नाही. सुपारीला मुख्यतः वारा पुरतो. मिरची, भेंडी, चवळी आणि वाल बऱ्याच अंशी स्वतःच्याच परागावर फळतात. भेंडीला माशी आली तर दाणे जास्त भरतात, इतकेच. मिरचीची फुले गळत असतील तर उष्णता, पाण्याचा ताण किंवा फुलकिडे शोधा.

नारळ मध्ये कुठेतरी बसतो. उंच जातीच्या माडावर एका पोयीतली (फुलोऱ्यातली) नर फुले मादी फुलांच्या आधी उमलून संपतात, त्यामुळे पराग बहुधा दुसऱ्या माडावरून यावा लागतो. तो वारा आणतो, माश्याही आणतात.

आता खऱ्या गरजू पिकांकडे. भोपळा, तवशी, चिबूड, दोडका, घोसाळे, कारले, पडवळ, दुधी या वेलींना कीटक हवेतच. गणेशचतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीला टांगायची तवशी आणि दोडकी ऐन पावसात धरतात, म्हणजे माशी उडू शकत नाही नेमक्या त्या दिवसांत, ही गोव्याची खास अडचण. आंब्याचा मोहोर मुख्यतः साध्या माश्या, फुलांवर घिरट्या घालणाऱ्या पट्टेरी माश्या आणि पोया माश्या फळवतात. काजूचा पराग चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. तिथे माश्या आणि मधमाश्या हव्यात. मुंग्या मोहोरावर खूप दिसतात, पण त्या मध चाटून त्याच झाडावर फिरतात, पराग दूर नेत नाहीत.

वांगी आणि टोमॅटोचे गणित निराळे. त्यांच्या पुंकेसरांना टोकाला बारीक छिद्र असते आणि पराग बाहेर पडायला फूल थरथरावे लागते. काळा मोठा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला लटकून पंखांचे स्नायू घुमवतात आणि पराग झाडतात. मधपेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. म्हणून वांग्याच्या मळ्यासाठी पेटी विकत घेणे म्हणजे पैसे वाया. वांग्यात आणखी एक गोष्ट पाहा: मधला दांडा पुंकेसरांच्या वर आला असेल तेच फूल फळते. आखूड दांड्याची फुले गळणारच, त्यांच्यासाठी फवारणी करू नका.

फणसाच्या बाबतीत उगाच घाबरणारे पुष्कळ. पराग देऊन झाला की नर कणसे काळी पडतात, त्यांवर बुरशी चढते आणि ती गळतात. हा रोग नाही. फळ धरणारी मादी कणसे जाड देठाची असतात आणि बहुधा खोडावर किंवा जाड फांदीवर येतात.

आधी निदान

गळलेले फळ उचला आणि उभे चिरा. आत अळ्या, सालीवर टोचल्याची खूण आणि तिथून आलेला डिंकासारखा चिकट थेंब दिसला तर ती फळमाशी. परागाचा प्रश्न असेल तर फळ आतून स्वच्छ असते, बिया भरलेल्या नसतात आणि पिवळेपणा फुलाच्या टोकाकडून सुरू होतो. तवशी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक, वाकडी झाली तर पराग पोचला, पण अपुरा. ज्या बाजूच्या बिया फळल्या नाहीत ती बाजू आखडते. फळमाशीसाठी वेलवर्गीय भाज्यांत क्यू-ल्यूरचे सापळे आणि आंब्यात मिथाइल युजेनॉलचे सापळे लावा. या वासांना फळमाशीचे नर येतात, मधमाश्या येत नाहीत, म्हणून फुलोऱ्यातही ते चालतात.

चिरूनही खात्री पटत नसेल तर १५ मादी फुलांची चाचणी घ्या. एकाच दिवशी उमलणारी पाच फुले हाताने फळवा (रीत पुढे दिली आहे) आणि देठाला लाल धागा बांधा. पाच फुलांवर आदल्या दिवशीच मलमलची पिशवी चढवा आणि फूल मिटल्यावरच काढा. पाच तशीच उघडी ठेवून पांढरा धागा बांधा. एका वेलीवर एवढी फुले एकदम मिळत नाहीत, तेव्हा दोन-तीन वेली किंवा दोन-तीन दिवस धरा, पण तिन्ही प्रकार रोज सारखेच घ्या. आठवड्याने मोजा. पिशवीतली फुले गळायलाच हवीत, तीही धरली तर त्या वेलीला परागाची गरजच नाही. लाल धाग्याची फळे धरली आणि पांढऱ्याची गळली तर परागवाहक कमी आहेत. लाल आणि पांढरी दोन्ही गळली तर दोष दुसरीकडे आहे: मुळाशी पाणी साचले, नत्र जास्त झाले, किंवा वेलीवर आधीच दोन-तीन मोठे भोपळे लटकत आहेत. भरलेली वेल नवी फळे स्वतःहून टाकते.

भेटी मोजणेही सोपे आहे. तवशाच्या एका मादी फुलाला सुडौल फळासाठी साधारण आठ-दहा भेटी लागतात आणि फूल सकाळचे पाचेक तास कामाचे असते. म्हणजे दहा उघड्या फुलांसमोर दहा मिनिटे बसलात तर तीन-चार भेटी दिसायला हव्यात. ऊन पडलेल्या सकाळी आठच्या सुमारास बसा. फुलाच्या मधल्या भागाला अंग घासणारा कीटक मोजा, पाकळी कुरतडणारे भुंगेरे आणि मुंग्या सोडून द्या.

हाताने फळवणे

पावसाळी वेलींना हा उपाय सर्वांत खात्रीचा आणि फुकटचा. चुकते ते बहुधा वेळेमुळे. भोपळा, तवशी, कारले आणि घोसाळे पहाटे उमलतात, काम सकाळी सहा ते आठ या वेळेत उरका. नऊनंतर भोपळ्याचे फूल मिटू लागते. दोडका आणि दुधी संध्याकाळी पाचनंतर उमलतात, पडवळ त्याहून उशिरा, दिवेलागणीनंतर. सकाळी बाजारातून येऊन दोडक्याची फुले फळवायला गेलात तर मेहनत फुकट, कारण ती कालची फुले असतात.

नर आणि मादी ओळखणे अवघड नाही. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नराचा देठ सरळ बारीक. वेल सुरू झाल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे फक्त नर फुले येतात आणि एका दिवसात गळतात. ही रीतच आहे, औषध नको.

१. ताजे नर फूल देठासकट तोडा. बोटाला पिवळी पूड लागते का पाहा. लागत नसेल तर पराग अजून सुटलेला नाही किंवा भिजून गेला आहे.

२. पाकळ्या मागे वळवून काढून टाका, मधला पिवळा दांडा उघडा करा.

३. तो मादी फुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने गोल फिरवा. या भागाला तीन पाळ्या असतात, तिन्हींवर पूड दिसली पाहिजे. एकच पाळी माखली तर फळ वाकडे होते.

४. भोपळ्याचे एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. तवशी आणि कारल्याची नर फुले लहान, तिथे एका मादीला दोन-तीन नर घ्या, आणि शक्यतो दुसऱ्या वेलीवरचे.

५. देठाला धागा बांधा. फळ धरले असेल तर दोन-तीन दिवसांत देठ जाड होतो आणि फळ खाली झुकते.

जुलैत पहाटेपासून कोसळत असेल तर पराग भिजतो आणि निकामी होतो. त्यावर तोडगा असा: आदल्या संध्याकाळी टोकाला पिवळेपणा दिसणाऱ्या नर कळ्या देठासकट खुडा आणि घरात पाण्याच्या पेल्यात उभ्या करा. सकाळी त्या कोरड्या उमलतात. मादी कळीवर आदल्या संध्याकाळीच पानांचा द्रोण पालथा घालून काडीने टोचून ठेवा. सकाळी द्रोण उचला, फळवा आणि दुपारपर्यंत पुन्हा झाका. घरचे तवशाचे बी राखणाऱ्यांनी हे झाकण आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत न चुकता ठेवावे, नाहीतर शेजारच्या संकरित जातीचा पराग येऊन बी बिघडते.

वांगी-टोमॅटोसाठी सकाळी ऊन चढल्यावर फुलांच्या घोसामागचा दांडा दोन-तीन सेकंद टिचकीने थरथरवा. बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश असेल तर त्याची मागची बाजू देठाला टेकवली की पूड उडताना दिसते. व्हॅनिला लावली असेल तर हाताशिवाय गत्यंतर नाही: फूल सकाळी उमलते, एकच दिवस टिकते, आणि पराग आणि कुक्षी यांच्यामधला पडदा काडीने वर उचलून दोन्ही एकमेकांना टेकवावे लागतात.

जाळीघरात किंवा पॉलीहाऊसमध्ये नेहमीची काकडी लावून फळ नाही अशी तक्रार करणारेही भेटतात. कीटक आत येऊ नयेत म्हणूनच जाळी असते. तिथे बिनबियांची, परागाशिवाय धरणारी जातच लावायची.

नर झाड तोडू नका

कुळागरातली ही सर्वांत महागडी चूक. भिरंड म्हणजे कोकम आणि जायफळ या दोन्ही झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. बियांपासून लावलेल्या झाडांत जवळपास निम्मी नर निघू शकतात. फळ देत नाहीत म्हणून ती सगळी एकदम तोडली जातात आणि पुढच्या वर्षी उरलेल्या माद्यांची फळेही कमी होतात. जायफळाला दहा माद्यांमागे एक नर हे प्रमाण ठेवा, कोकमालाही दहा टक्के नर पुरतात. नर कडेला एका कोपऱ्यात न ठेवता बागेच्या मध्ये, विखरून ठेवा, कारण जायफळाचा पराग नेणारे किडे फार बारीक असतात आणि लांब जात नाहीत.

ओळखायचे कसे? जायफळाच्या नर झाडावर फुले घोसाने येतात, मादीवर बहुधा एक ते तीन. नर फूल चिरले तर आत पुंकेसरांचा दांडा दिसतो, मादी फुलात फुगीर बीजाशय. झाड फुलायला सहा-आठ वर्षे लागतात, तोवर कळायला मार्ग नाही. म्हणून नव्या लागवडीला मादीची कलमे आणि थोडी नराची कलमे घ्या. जास्तीचे नर तोडायचे नसतील तर त्यांच्यावर मादीचे कलम बांधून घेता येते.

पपईच्या नर-मादी वेगळ्या असलेल्या जातींत दहा झाडांमागे एक नर राखा. लांब लोंबणाऱ्या दांड्यांवर फुले येतात तो नर. फागलांच्या (करटोल्यांच्या) वेलीही नर-मादी वेगळ्या असतात. बाजारातून एकच कंद आणून लावला आणि तो मादी निघाला तर फुले येत राहतील, फळ नाही. आठ-दहा मादी वेलींत एक नर वेल चढवा, आणि कंद ओळखीच्या माणसाकडून, वेल फुलात असताना खूण करून घ्या.

आंबा, काजू आणि फवारणी

आंब्याच्या एका मोहोरात हजारो फुले असू शकतात आणि शेवटी धरते ते एखाद-दुसरे फळ. एवढ्या फुलांना माश्या लागतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत तुडतुडे आणि भुरीसाठी पंप फिरतो. मानकुराद आंब्याच्या बागेत कीटकनाशक मारायचेच असेल तर मोहोर फुटताना, फुले उघडण्यापूर्वी मारा. मोहोर पूर्ण फुलला की कीटकनाशक बंद. फळ बाजरीच्या दाण्याएवढे दिसले की गरजेप्रमाणे पुढची फवारणी. काजूतही ढेकण्या या किडीसाठी नवी पालवी, मोहोर निघताना आणि बी धरताना अशा तीन वेळा सांगितल्या जातात. मधला काळ, म्हणजे फुले उघडी असतानाचे दिवस, मोकळे ठेवा.

फुलोऱ्यात अगदीच टाळता आले नाही तर सूर्यास्तानंतर फवारा, म्हणजे सकाळपर्यंत ओल सुकते. दोडका, दुधी आणि पडवळाला हा नियम उलटा: त्यांची फुले संध्याकाळी उघडतात, म्हणून तिथे सकाळ बरी. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही औषधे पाने शोषून घेतात आणि ती मधात-परागातही उतरतात. वेळ सांभाळली तरी त्यांचा धोका संपत नाही, फुलोऱ्याच्या तोंडावर ती टाळाच. कडुनिंबाचे तेलही उघड्या फुलांवर मारू नका.

आंब्याच्या बागेत माश्या वाढवायची एक ओंगळ पण उपयोगी पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातले बागायतदार मोहोराच्या दिवसांत बागेत सडके मांस-मासे टांगतात. गोव्यात मासळीच्या टाकाऊ भागांची वाण नाही. अर्धा किलो मुंडकी-आतडी भोके पाडलेल्या डब्यात घालून माणसाच्या उंचीवर, कुत्र्या-मांजरांना पोचणार नाही अशी फांदीला अडकवा. मोहोर गळाला की खोल पुरून टाका. घरांजवळ, विहिरीजवळ किंवा परसातल्या एकट्या आंब्याला हे करू नका. शेजारी भांडायला येतील आणि त्यांचे बरोबर असेल. तिथे शेणखताचा ढीग बागेच्या कडेला असला तरी माश्यांची थोडीफार सोय होते.

काजू गोळा करण्यापूर्वी डोंगर झाडून-साफ केला जातो. बोंडू दिसायला ते लागतेच, पण झाडांच्या ओळींच्या मध्ये दोन-तीन हात रुंदीचा पट्टा तसाच सोडा आणि पालापाचोळ्याला आग लावू नका. कित्येक एकट्या राहणाऱ्या माश्यांची बिळे त्याच मातीत असतात.

पावसाळ्यातली उपासमार

डिसेंबर ते मार्च आंबा, काजू, भिरंड फुललेले असतात, तेव्हा कीटकांना कशाची उणीव नाही. एप्रिल-मेमध्ये जांभूळ, करंज आहेत. खरी अडचण जून ते सप्टेंबर. त्या महिन्यांत जे तगतात, तेच डिसेंबरात तुमच्या मोहोरावर येतात. कुळागराची मोठी जमेची बाजू म्हणजे माड: चांगल्या माडाला जवळपास दर महिन्याला पोय येते आणि तिच्यातला पराग बारमाही मिळतो. सुपारीचा परागही माश्या गोळा करतात.

त्याला जोड द्यायची. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, अंगणात दोन-तीन तुळशी फुलू द्या. बांधावर जूनच्या अखेरीस तीळ पेरा, दीडेक महिन्यात फुलतो आणि माश्या त्यावर तुटून पडतात. पाणी साचणाऱ्या जागी मात्र तो कुजतो, उताराची जमीन पाहा. तेरडा आणि एकदांडी कुंपणाकडे उगवले तर राहू द्या. झेंडू लावायचा तर एकेरी पाकळ्यांचा. गोंड्यासारखा भरगच्च झेंडू दसऱ्याच्या तोरणाला छान, पण त्यात माशीला फारसे काही सापडत नाही. बोगनवेल आणि हिरवळ यांचाही त्यांना उपयोग नाही. कुंपणाला शेवगा लावलात तर भुंगे येतात आणि शेंगाही मिळतात. रस्त्याकडेचा किंजळ पावसाच्या उत्तरार्धात फुलतो, तो तोडू नका.

केळफुलाची एक गोष्ट. लोंगर सुटला की आपण केळफूल काढतो, भाजी करतो. दर चार-पाच केळींमागे एक केळफूल लोंबते ठेवा. त्याच्या सालीखालच्या मधावर दिवसा शिंजीर पक्षी आणि मधमाश्या, रात्री वटवाघळे जगतात. केळीला त्यांचा उपयोग नाही, पण बाकीच्या झाडांना आहे.

पाण्यासाठी उथळ परळ घ्या, त्यात गोटे घाला म्हणजे माशी बुडत नाही. दर दोन दिवसांनी घासून पाणी बदला. आठवडाभर तसेच राहिले तर तिथे डेंग्यूचे डास वाढतील.

राहायची जागा

जुन्या चिऱ्याच्या भिंतीत, मातीच्या गडग्यात एखाद्या फटीतून काळपट मेणाची नळी बाहेर आलेली दिसते आणि तिच्यातून चारेक मिलिमीटरच्या काळ्या माश्या ये-जा करतात. ही पोया माशी. तिला डंख नाही. फार तर केसांत शिरून चावते. ती साधारण तीनशे ते पाचशे मीटरांच्या आत फिरते, म्हणजे तुमच्या भिंतीतली माशी तुमच्याच परसात काम करते. घराची डागडुजी करताना गवंड्याला आधी सांगा, नाहीतर तो फट बुजवून टाकतो आणि आतली वसाहत गुदमरते. नळीभोवती दोन इंच जागा सोडून गिलावा करा.

भिंत पाडायचीच असेल तर घाईने फोडून माश्या पेटीत भरू नका. मध सांडतो, मुंग्या येतात आणि राणी चिरडते. दोन-तीन महिने हाती असतील तर भिंतीच्या तोंडाला एक-दीड सेंटिमीटर व्यासाची नळी मातीने पक्की लिंपून जोडा, दुसरे टोक सुमारे दोन लिटर मावेल अशा लाकडी पेटीत सोडा आणि पेटीला पलीकडे बाहेर पडायचे भोक ठेवा. जुन्या तोंडावरचे मेण त्या भोकाला चोळा, म्हणजे माश्या वाट ओळखतात. हळूहळू त्या पेटीतही मध-पराग साठवू लागतात. राणी मात्र बहुधा भिंतीतच राहते, म्हणून पेटीत राणीची कोठी असलेला पिलांचा भाग दुसऱ्या वसाहतीतून द्यावा लागतो. हे एकदा जाणकाराकडून करून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केली तर वाट दाखवतील.

भुंग्याला वाळके मऊ लाकूड पुरते. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची मेलेली फांदी पावसाच्या आडोशाला उभी करून ठेवा. छपराच्या वाशाला तो भोके पाडू लागला तर तिथे रंग किंवा तेल लावा, तो मऊ फांदीकडे वळतो. पाने कापणाऱ्या लहान माश्यांसाठी ४ ते १२ मिलिमीटर भोकाचे बांबूचे तुकडे घ्या, १५ ते २० सेंटिमीटर लांब, एका टोकाला पेर राखलेले. वीस-पंचवीस एकत्र बांधून वळचणीखाली, पूर्वेकडे तोंड करून, हलणार नाहीत असे बसवा. उघड्यावर टांगलेले बांबू गोव्याच्या पहिल्याच पावसात बुरसटतात. दोन हंगामांनी तुकडे बदला. जमिनीत राहणाऱ्या माश्यांसाठी उन्हाची, निचऱ्याची मीटरभर लांब-रुंद जागा आच्छादन न घालता मोकळी सोडा.

पेटी आणायचीच तर

भोपळावर्गीय पिकांचा अर्धा एकर किंवा जास्त मळा असेल आणि वरची चाचणी परागवाहक कमी असल्याचे दाखवत असेल, तरच पेटीचा विचार करा. गोव्यातल्या छोट्या, मिश्र जमिनींना सातेरी माशी, म्हणजे पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी, योग्य. एकरी दोन पेट्या धरा. पाच-सहा चौकटींवर माश्या भरलेल्या असाव्यात, दुबळी वसाहत स्वतःलाच पोसत बसते. साधारण दहा टक्के फुले उघडल्यावर पेटी आणा. आधी आणली तर माश्या दुसरी फुले धरतात आणि तिकडेच जात राहतात. हलवणे रात्री. जुन्या जागेपासून निदान दोन-तीन किलोमीटर अंतर हवे, नाहीतर उडणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात.

पेटी सावलीत, तोंड पूर्वेला आणि किंचित पुढे कललेली, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर पडते. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि वाटी कधीही कोरडी पडू देऊ नका; एका रात्रीत मुंग्या वसाहत संपवतात. पावसात एक किलो साखर एक लिटर उकळलेल्या पाण्यात विरघळवून, थंड करून, आठवड्यातून दोनदा पाव लिटर द्या, तेही संध्याकाळी आणि न सांडता. दिवसा सांडले तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. रिकामी पोळी काढून घ्या आणि तळ दहा दिवसांनी झाडा, मेणकिड्याला तिथेच थारा मिळतो. अळ्या पिशवीसारख्या फुगून मेलेल्या दिसल्या तर तो थाई सॅकब्रूड. १९९१-९२ मध्ये या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरी वसाहतींचा फडशा पाडला. म्हणून स्वस्त मिळाली म्हणून कुठूनही पेटी उचलू नका, आणि आजारी वसाहतीच्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नका.

उंच झाडाला किंवा टाकीखाली आग्या मोहोळ लागले असेल तर त्याला धूर, दगड, फटाके काही नको. ते जाळणे माणसांच्या जिवावर बेतते. रस्त्यावर किंवा शाळेजवळ असेल तर वन खात्याला कळवा. माश्या मागे लागल्याच तर तोंड झाकून घरात किंवा गाडीत शिरा. काटा नखाने खरवडून काढा, चिमटीत दाबू नका. पुष्कळ डंख झाले, घशाला सूज आली किंवा श्वास लागला तर लगेच १०८. कोणाला अडचण नसेल तर मोहोळ तसेच राहू द्या, पाऊस जवळ आला की वसाहत बहुधा आपणच निघून जाते. पुन्हा तिथे नको असेल तर माश्या गेल्यावर उरलेले मेण खरवडून त्या जागेवर चुना फासा, कारण जुन्या मेणाच्या जागी पुढच्या मोसमात त्या परत येतात.